सोन्याचे वासरू (बायबल)

सोन्याचे वासरू ही बायबलच्या जुन्या करारातील निर्गम या पुस्तकाच्या ३२व्या अध्यायात वर्णिलेली मूर्ती होय. मिसर देशाच्या दास्यातून मुक्त झालेल्या इस्राएल लोकांनी, मोशे सीनाय पर्वतावर असताना, पर्वताच्या पायथ्याशी ही मूर्ती करवून घेतली व तिची उपासना केली, अशी ही कथा आहे. देवाला सोडून मूर्तीची आणि पापाची निवड करण्याचे ठळक उदाहरण म्हणून ख्रिस्ती शिकवणीत या कथेला महत्त्वाचे स्थान आहे. मूर्तिपूजा म्हणजे केवळ प्रतिमेपुढे नतमस्तक होणे नव्हे, तर देवाचे स्थान अन्य कोणत्याही वस्तूला, सत्तेला किंवा वासनेला देणे होय, असा व्यापक अर्थ ख्रिस्ती विचारात रूढ झाला. त्या अर्थाच्या जडणघडणीत या कथेच्या चिंतनाचा मोठा वाटा आहे.

कथानक

निर्गम पुस्तकानुसार मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस व चाळीस रात्री राहिला. तो परत येण्यास विलंब होत आहे असे पाहून लोक त्याचा भाऊ अहरोन याच्याभोवती जमले. मोशेचे काय झाले ते आम्हांला ठाऊक नाही, तेव्हा आमच्यापुढे चालणारे देव आम्हांला करून दे, अशी मागणी त्यांनी केली. अहरोनाने त्यांच्या स्त्रियांच्या व मुलामुलींच्या कानांतील सोन्याची कुंडले मागितली. त्या सोन्यापासून त्याने वासराची ओतीव मूर्ती तयार केली. इस्राएलास मिसरातून बाहेर आणणारा देव हाच, अशी लोकांनी घोषणा केली. मग अहरोनाने मूर्तीसमोर वेदी बांधली आणि दुसऱ्या दिवशी परमेश्वराप्रीत्यर्थ उत्सव होईल असे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी पहाटे लोकांनी होमार्पणे व शांत्यर्पणे वाहिली, खाणेपिणे केले आणि ते उठून मौजमजा करू लागले.

देवाने मोशेला हे वर्तमान सांगितले, या लोकांचा नाश करण्याचा मनोदय व्यक्त केला आणि मोशेपासून नवे राष्ट्र निर्माण करण्याची तयारी दाखविली. मोशेने ते न स्वीकारता लोकांसाठी रदबदली केली. लोकांना मारण्यासाठीच बाहेर नेले असे मिसरी म्हणतील, असे त्याने म्हटले आणि अब्राहाम, इसहाक व इस्राएल यांना दिलेल्या वचनाचे स्मरण करून दिले. देव आपल्या मनोदयापासून परावृत्त झाला. आज्ञांच्या दोन दगडी पाट्या घेऊन मोशे खाली उतरला. वासरू व नाचणारे लोक पाहून त्याने त्या पाट्या पर्वताच्या पायथ्याशी फोडल्या. वासरू आगीत जाळून त्याने त्याची पूड केली, ती पाण्यावर टाकली आणि ते पाणी लोकांना पाजले.

जाब विचारला असता अहरोनाने दोष लोकांवर ढकलला. सोने आपण आगीत टाकले आणि त्यातून हे वासरू बाहेर आले, असे तो म्हणाला. त्यानंतर मोशेच्या आज्ञेवरून लेवी वंशजांनी सुमारे ३,००० जणांना ठार केले. दुसऱ्या दिवशी मोशे पुन्हा देवाकडे गेला. या लोकांना क्षमा होणार नसेल, तर आपलेही नाव देवाच्या पुस्तकातून पुसून टाकावे, अशी त्याने विनंती केली. कथेचा शेवट शिक्षेने होत नाही. ३४व्या अध्यायात देव स्वतःला दयाळू, कृपाळू व मंदक्रोध म्हणून प्रकट करतो, नव्या पाट्या दिल्या जातात आणि कराराचे नूतनीकरण होते. अनुवाद पुस्तकाच्या ९व्या अध्यायात मोशे हाच प्रसंग पुन्हा सांगतो. तेथे त्याने अहरोनासाठीही प्रार्थना केल्याचा उल्लेख आहे.

वासरू नेमके कोणाचे प्रतीक?

लोकांनी परमेश्वराला सोडून दुसरा देव स्वीकारला, की त्याच परमेश्वराची निषिद्ध प्रतिमा केली, हा या कथेच्या अर्थनिर्णयातील जुना प्रश्न आहे. घोषणेतील हिब्रू शब्द ‘एलोहीम’ रूपाने अनेकवचनी असला, तरी इस्राएलाच्या एकाच देवासाठीही तो वापरला जातो. मराठी भाषांतरांतही हा पेच कायम राहतो, कारण ‘देव’ या शब्दाचे एकवचन व अनेकवचन सारखेच आहे आणि ‘हे तुझे देव’ ही रचना आदरार्थीही वाचता येते. निर्गमातील मूळ वाक्यात क्रियापद अनेकवचनी आहे, तर नहेम्या पुस्तकाच्या ९व्या अध्यायात तीच घोषणा एकवचनात येते.

अहरोनाने जाहीर केलेला उत्सव परमेश्वराच्या नावाने होता, यावर अनेक भाष्यकार भर देतात. त्यांच्या मते लोकांनी देवाचे नाव टाकले नव्हते. न दिसणाऱ्या व विलंब लावणाऱ्या देवाच्या जागी त्यांना डोळ्यांसमोर असणारा आणि आपल्या सोयीने चालणारा देव हवा होता. या वाचनानुसार दहा आज्ञांपैकी अन्य देव नसावेत ही आज्ञा आणि कोरीव मूर्ती करू नये ही आज्ञा, या दोहोंमधील सीमारेषा या प्रसंगात पुसट होते. प्रतिमा बदलली की तिच्यामागील देवाची कल्पनाही बदलते, असे हे भाष्यकार दाखवून देतात.

वासराचे रूप का निवडले गेले, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मिसरमधील मेम्फिस येथे एपिस या पवित्र बैलाची उपासना होत असे. कनानी परंपरेत एल या देवाला बैल असे विशेषण होते. सीरियातील उगारित येथे १९२९ पासून सापडलेल्या लेखांतून हे स्पष्ट झाले आहे. प्राचीन पश्चिम आशियात वादळाची देवता बैलावर उभी दाखविली जात असे. त्यावरून वासरू ही देवाची मूर्ती नसून अदृश्य देवाचे आसन किंवा वाहन असावे, असे मत विल्यम फॉक्सवेल ऑल्ब्राइट आदी अभ्यासकांनी मांडले.

अशा प्रतिमांचे पुरातत्त्वीय अवशेषही मिळाले आहेत. अश्कलोन येथील उत्खननात १९९० मध्ये सुमारे १० सेंटिमीटरची, चांदीने मढविलेली कांस्य वासराची मूर्ती सापडली. ती इसवी सनापूर्वी सोळाव्या शतकाच्या सुमाराची मानली जाते. हे अवशेष सीनायच्या कथेचा पुरावा ठरत नाहीत, परंतु त्या प्रदेशात वासराच्या रूपातील उपासना परिचित होती हे दाखवितात.

यराबामाची वासरे आणि संदेष्ट्यांची टीका

शलमोन राजाच्या मृत्यूनंतर राज्याचे दोन भाग झाले. उत्तरेकडील इस्राएलचा राजा यराबाम याने बेथेल व दान येथे सोन्याची दोन वासरे स्थापन केल्याचे राजे या पहिल्या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात सांगितले आहे. प्रजा यज्ञासाठी यरुशलेमला जात राहिली, तर तिची निष्ठा यहूदाच्या राजाकडे वळेल, अशी त्याला भीती होती. सीनायच्या कथेतील घोषणा येथे जवळजवळ त्याच शब्दांत येते. त्यामुळे दोन्ही कथांचा परस्परसंबंध आहे यावर अभ्यासकांचे एकमत असले, तरी त्यांपैकी आधी कोणती रचली गेली यावर मतभेद आहेत. दान येथील प्राचीन उपासनास्थळ अव्राहम बिरान यांच्या नेतृत्वाखाली १९६६ पासून झालेल्या उत्खननात उघडकीस आले. वासरू मात्र तेथे सापडलेले नाही.

सीनायच्या पायथ्याशी मूर्तीची मागणी लोकांच्या अधीरतेतून आली होती, तर यराबामाच्या बाबतीत ती राजसत्तेच्या गरजेतून आली. धर्म राज्याच्या सोयीसाठी वापरणे हेही मूर्तिपूजेचेच रूप आहे, असा निष्कर्ष पुढील ख्रिस्ती विचारवंतांनी यातून काढला. होशेय या संदेष्ट्याने शोमरोनच्या वासरावर कठोर टीका केली. कारागिराने घडविलेली वस्तू देव असू शकत नाही, हा त्याच्या टीकेचा गाभा आहे. १०६व्या स्तोत्रात सीनायच्या प्रसंगाचे वर्णन ‘अदलाबदल’ असे केले आहे. लोकांनी आपले वैभव देऊन गवत खाणाऱ्या बैलाची प्रतिमा घेतली, असे स्तोत्रकर्ता म्हणतो.

नव्या करारातील उल्लेख

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ७व्या अध्यायात स्तेफन आपल्या भाषणात या प्रसंगाचा उल्लेख करतो. त्याच्या मते लोक मनाने आधीच मिसरकडे परतले होते आणि वासरू ही त्याची नंतर दिसलेली खूण होती. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १०व्या अध्यायात ही कथा ख्रिस्ती मंडळीला इशारा म्हणून सांगितली आहे. समुद्र पार केलेल्या व देवाने दिलेले अन्न खाल्लेल्या लोकांची तुलना तो बाप्तिस्मा घेतलेल्या व प्रभुभोजनात सहभागी होणाऱ्या ख्रिस्ती जनांशी करतो. आपण उभे आहोत असे ज्याला वाटते त्याने पडू नये म्हणून जपावे, हा त्याचा उपदेश आहे. त्यामुळे ही कथा परधर्मीयांविषयी नसून विश्वास ठेवणाऱ्यांविषयी आहे, असे ख्रिस्ती अर्थनिर्णयात मानले गेले.

रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल १०६व्या स्तोत्रातील अदलाबदलीची कल्पना सर्व मानवजातीला लागू करतो. माणसांनी देवाच्या गौरवाऐवजी नश्वर प्रतिमा आणि निर्मात्याऐवजी निर्मित वस्तू स्वीकारल्या, म्हणून देवाने त्यांना त्यांच्याच वासनांच्या स्वाधीन केले, असे तो म्हणतो. येथे मूर्तिपूजा व पाप यांचा क्रम लक्षणीय आहे. उपासनेतील चूक आधी घडते आणि आचरणातील अधःपात त्यामागून येतो. मागितले तेच मिळणे हीच शिक्षा ठरते.

मूर्तिपूजेचा अर्थ प्रतिमेपलीकडे नेणारी वचनेही नव्या करारात आहेत. कलस्सैकरांस व इफिसकरांस पत्रांत लोभाला मूर्तिपूजा म्हटले आहे. मत्तयकृत शुभवर्तमानात देव व धन या दोघांची चाकरी एकाच वेळी करता येत नाही, अशी येशूची शिकवण आहे. योहानाच्या पहिल्या पत्राचा समारोप मूर्तींपासून दूर राहण्याच्या सूचनेने होतो.

ख्रिस्ती ईश्वरविद्येतील विचार

चौथ्या-पाचव्या शतकांतील संत ऑगस्टीन याने पापाची व्याख्या देवाकडे पाठ फिरवून निर्मित वस्तूकडे वळणे अशी केली. या विचारानुसार सोने, सौंदर्य, अन्न किंवा मान या गोष्टी मुळात वाईट नाहीत. त्यांना शेवटचे श्रेय मानणे वाईट आहे. कथेतील सोन्याचा प्रवास या दृष्टीने अर्थपूर्ण ठरतो. निर्गमाच्या १२व्या अध्यायानुसार इस्राएल लोकांनी मिसर सोडताना मिसरी लोकांकडून सोन्यारुप्याचे दागिने मागून घेतले होते. कुंडलांचे वासरू झाले आणि त्यानंतर, ३५व्या व ३६व्या अध्यायांत, त्याच लोकांनी देवाच्या निवासमंडपासाठी इतके सोने व इतर साहित्य आणले की ते पुरे करा असे सांगावे लागले. मिसरच्या सोन्याचे रूपक ऑगस्टीनने ख्रिस्ती शिकवणीवरील आपल्या ग्रंथात वापरले आणि परकीय विद्येचा सदुपयोग करता येतो असे प्रतिपादन केले.

तेराव्या शतकातील थॉमस अॅक्विनस याने मूर्तिपूजेची गणना अत्यंत गंभीर पापांत केली, कारण तिच्यात केवळ देवाला देय असलेला मान निर्मित वस्तूला दिला जातो. मात्र अज्ञानामुळे करणाऱ्याचा वैयक्तिक दोष कमी होऊ शकतो आणि जाणूनबुजून केलेले पाप अधिक गंभीर असते, असा भेदही त्याने केला.

धर्मसुधारणेच्या काळात हा विचार अधिक अंतर्मुख झाला. मार्टिन ल्यूथरने १५२९ च्या आपल्या मोठ्या प्रश्नोत्तरावलीत, माणसाचे अंतःकरण ज्यावर विसंबते तेच त्याचे खरे दैवत, असा विचार मांडला आणि धनाला जगातील सर्वांत प्रचलित दैवत ठरविले. जॉन कॅल्व्हिनने मानवी मनाला मूर्ती सतत घडविणाऱ्या कारखान्याची उपमा दिली. देव जवळ आहे हे शरीराने जाणवल्याखेरीज माणसाला विश्वास वाटत नाही, म्हणून तो मूर्ती करतो, असे त्याने सोन्याच्या वासराच्या कथेचा आधार घेऊन म्हटले.

या कथेतील पापाची मीमांसा करताना सामान्यतः पुढील बाबींकडे लक्ष वेधले जाते :

• विलंब : देव गप्प आहे असे वाटण्याच्या काळात मूर्तीची मागणी उद्भवते.
• त्याग : लोक वासरासाठी स्वतःचे दागिने देतात. मूर्तीही किंमत वसूल करते.
• नावाचा आधार : उत्सव परमेश्वराच्या नावाने होतो, त्यामुळे पाप पुण्यासारखे दिसते.
• जबाबदारीची टाळाटाळ : वासरू आपोआप बाहेर आले असे अहरोन सांगतो.
• मध्यस्थी : लोकांना वाचविण्यासाठी निर्दोष मोशे स्वतःला पुढे करतो.

यांपैकी शेवटच्या बाबीमुळे मोशेच्या मध्यस्थीकडे येशू ख्रिस्ताच्या मध्यस्थीची पूर्वछाया म्हणून पाहिले जाते. ख्रिस्ती उपदेशात म्हणूनच वासराच्या कथेबरोबर ३४व्या अध्यायातील क्षमेचाही विचार केला जातो. लेवी वंशजांनी केलेल्या हत्येचा भाग मात्र आधुनिक वाचकांना व भाष्यकारांना नैतिकदृष्ट्या अडचणीचा वाटतो आणि त्यावर वेगवेगळी स्पष्टीकरणे दिली जातात.

प्रतिमांविषयीचा वाद

सोन्याच्या वासराचा दाखला ख्रिस्ती उपासनेतील चित्रे व पुतळे यांच्या विरोधातही दिला गेला. बायझंटाइन साम्राज्यात आठव्या व नवव्या शतकांत प्रतिमाविरोधकांनी अनेक चित्रे नष्ट केली. देवाने येशूच्या रूपाने मानवी देह धारण केल्यामुळे त्याचे चित्रण करता येते, असा प्रतिवाद दमास्कसच्या योहानाने केला. ७८७ मध्ये भरलेल्या निकियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने केवळ देवाला करावयाची आराधना आणि प्रतिमांना द्यावयाचा आदर यांत भेद केला. प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीपर्यंत पोहोचतो, हे तत्त्व तिने मान्य केले. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स चर्च ही भूमिका मानतात.

सोळाव्या शतकात कॅल्व्हिनच्या परंपरेतील चर्चनी उपासनागृहांतून प्रतिमा काढून टाकल्या. ल्यूथरची भूमिका सौम्य होती. प्रतिमा फोडण्याआधी ती मनातून काढली पाहिजे, असे त्याचे मत होते. दहा आज्ञांच्या क्रमांकातही हा फरक दिसतो. कॅथलिक व लुथरन परंपरांत मूर्तिनिषेध पहिल्या आज्ञेत समाविष्ट केला जातो, तर ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन व कॅल्व्हिनच्या परंपरेतील चर्च तो दुसरी आज्ञा म्हणून स्वतंत्रपणे मोजतात.

यहुदी व इस्लामी परंपरा

यहुदी धर्मात तम्मुज महिन्याच्या १७व्या दिवशी केल्या जाणाऱ्या उपवासाचा संबंध मोशेने पाट्या फोडण्याच्या घटनेशीही जोडला जातो. स्त्रियांनी वासरासाठी दागिने देण्यास नकार दिला, अशी कथा मिद्राश साहित्यात आहे. पहिल्या शतकातील इतिहासकार जोसीफस याने आपल्या यहुदी इतिहासातून हा प्रसंग वगळला. कुराणात ही कथा सातव्या व विसाव्या सूरांत विस्ताराने आली आहे. विसाव्या सूरेत वासरू घडविण्याचा दोष सामिरी नावाच्या व्यक्तीवर ठेवला असून हारून लोकांना रोखण्याचा प्रयत्न करतो.

कथेचा गैरवापर

काही प्राचीन ख्रिस्ती लेखकांनी या कथेचा उपयोग यहुदी लोकांच्या विरोधात केला. बर्नबाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पत्रात, वासराच्या प्रसंगामुळे इस्राएलाने करार कायमचा गमावला, असा दावा आढळतो. हा दावा निर्गमातील कराराच्या नूतनीकरणाशी विसंगत आहे. पौलाने तर ही कथा ख्रिस्ती मंडळीच्याच आत्मपरीक्षणासाठी सांगितली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या जाहीरनाम्यात, यहुदी लोकांना देवाने नाकारलेले किंवा शापित म्हणून दाखवू नये, असे स्पष्ट केले.

मराठी ख्रिस्ती परंपरेत

मराठीत जुन्या करारातील कथा काव्यरूपाने आणणारा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ मध्ये छापलेले ‘ख्रिस्तपुराण’. त्याचा पहिला भाग जुन्या करारावर आधारित आहे. पुढे प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी व पंडिता रमाबाई यांनी केलेल्या भाषांतरांतून बायबलमधील कथा मराठी गद्यात आल्या.

एकोणिसाव्या शतकात मूर्तिपूजा हा महाराष्ट्रातील धार्मिक वादविवादांचा प्रमुख विषय बनला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन व मोरभट्ट दांडेकर यांचा १८३०च्या दशकाच्या आरंभी मुंबईत झालेला वाद त्यांपैकी प्रसिद्ध आहे. अशा वादांत बायबलमधील मूर्तिनिषेध मुख्यतः हिंदू उपासनेच्या विरोधात मांडला गेला. मूर्ती हे उपासनेचे साधन असून उपासक दगडालाच देव मानत नाही, हे हिंदू पक्षाचे एक महत्त्वाचे उत्तर असे. सोन्याच्या वासराच्या कथेचा मूळ संदर्भ मात्र निराळा आहे. तिच्यातील दोषी हे परमेश्वराने सोडविलेले, त्याच्याशी करार केलेले लोक आहेत आणि मूर्ती घडविणारा हात भावी मुख्य याजकाचा आहे.

मराठी भाषक ख्रिस्ती समाजातही प्रतिमांबाबत दोन्ही परंपरा नांदतात. वसईतील कॅथलिक चर्चमध्ये येशू, मरिया व संतांचे पुतळे असतात. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील उपासनागृहे सामान्यतः प्रतिमाविरहित असतात.

कला व आधुनिक विचार

निकोला पूसाँ याने १६३३–३४ च्या सुमारास रंगविलेले वासराच्या पूजेचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. रेम्ब्रांटने १६५९ मध्ये पाट्या उंच धरलेल्या मोशेचे चित्र काढले. आर्नोल्ड शोनबर्ग याच्या ‘मोझेस उंड आरोन’ या अपूर्ण ऑपेरात वासराभोवतीचा नाच हा मध्यवर्ती प्रसंग असून, अदृश्य देवाचा विचार सांगू न शकणारा मोशे आणि तो प्रतिमांतून सांगणारा अहरोन यांचा संघर्ष त्यात मांडला आहे.

अनेक युरोपीय भाषांत ‘सोन्याचे वासरू’ हा धनपूजेसाठी वाक्प्रचार झाला आहे. विसाव्या शतकात राज्यसत्ता व वंश यांना दिलेल्या सर्वोच्च स्थानाचाही मूर्तिपूजा म्हणून विचार झाला. नाझी राजवटीत जर्मनीतील काही प्रोटेस्टंट चर्चनी १९३४ च्या बार्मेन जाहीरनाम्यात, येशू ख्रिस्ताखेरीज अन्य स्वामी चर्चला मान्य नाहीत, अशी भूमिका घेतली. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात सत्ता, सुख, वंश, राज्य व पैसा यांना देवाचे स्थान देणे ही मूर्तिपूजा मानली आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मधील आपल्या प्रबोधनपत्रात, मानवी हेतू हरपलेल्या अर्थव्यवस्थेच्या व पैशाच्या पूजेला सोन्याच्या वासराचे नवे रूप म्हटले.